अर्ध्या दिवसाची मजुरी

जुनी भिंत दिसली की माझा हात आपोआप तिच्याकडे जातो. आधी तळवा टेकतो, मग बोटं फिरू लागतात. दोन दगडांमधला सांधा किती बारीक आहे, मधल्या फटी चुन्याने भरल्यात की कोरड्या ठेवल्यात, दगडाच्या तोंडावर टाकीचे घाव उभे आहेत की तिरपे, हे मी बघण्याआधी चाचपते. ही सवय आजाची. आमचा आजा पाथरवट होता. मी पाच-सहा वर्षांची असताना तो मला गावच्या देवळाच्या ओवरीत उभं करायचा आणि माझा हात धरून दगडावरून फिरवायचा. "ह्यो घाव बघ. हितं कारागीर दमला व्हता," म्हणायचा.

गेल्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात, ह्वासॉंग किल्ल्याच्या तटाला मी असाच हात लावला. आमच्या गाईडबाई बोलता बोलता थांबल्या. "तुमचं काम बांधकामातलं आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, पण माझे आजोबा दगड घडवायचे." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मग दुपारी तुम्हाला एक पुस्तक नीट दाखवायला हवं."

लेक सोलमध्ये संशोधनासाठी आहे. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. आठवड्याचे पाच दिवस ती प्रयोगशाळेत. मग एक दिवस तिनेच माझ्यासाठी सहल ठरवली. सकाळी सोलहून निघायचं, सुवॉनचा राजवाडा आणि किल्ला बघायचा, परतताना लोकग्राम, रात्री घरी. म्यॉंगदोंगच्या मेट्रो स्टेशनाबाहेर छोटी बस उभी होती. आम्ही अकराजण. मलेशियाचं एक जोडपं, फिलिपिन्सच्या तिघी बहिणी, एक इटालियन मुलगा, बाकीचे कुठले कुठले. आणि गाईडबाई. वय साठीच्या पुढे, पायात चालायचे बूट, पाठीला सॅक, हातात गुंडाळलेला पिवळा झेंडा. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. लेकीने सांगून ठेवलं होतं, त्यांना 'सन्सेंगनिम' म्हण. कोरियात शिक्षकांना असंच हाक मारतात. मूळ अर्थ 'आधी जन्मलेले'. मी दोनदा म्हणून बघितलं, पण मनात त्यांचं नाव 'बाई' असंच पडलं. आम्ही शाळेत सगळ्या शिक्षिकांना बाईच म्हणायचो.

सुवॉन सोलच्या दक्षिणेला, तीसेक किलोमीटरवर. शहराच्या अलीकडे एका चढावर बाईंनी ड्रायव्हरला बस हळू करायला सांगितली. खिंडीसारखी जागा, दोन्ही बाजूंना झाडी. या खिंडीचं नाव जिजिदे. 'जिजि' म्हणजे हळूहळू. जोसॉन या जुन्या कोरियन राजघराण्याचा २२वा राजा जॉंगजो वडिलांच्या समाधीचं दर्शन घेऊन राजधानीकडे परत निघाला की इथे त्याचा पाय निघायचा नाही. इथून पुढे समाधीचा डोंगर दिसेनासा होतो. म्हणून तो लवाजम्याला सांगायचा, हळू चला, अजून हळू. ते 'हळूहळू' त्या चढाला नाव म्हणून चिकटलं.

वडिलांची गोष्ट बाईंनी बसमध्येच सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज आपसूक खाली आला. जॉंगजोचे वडील म्हणजे युवराज सादो. आजोबा राजा यॉंगजो. १७६२च्या उन्हाळ्यात यॉंगजोने आपल्या मुलाला तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत शिरायला लावलं आणि पेटी बंद करवली. आठव्या दिवशी सादो आत मेला. त्याच्या मनाचा तोल गेला होता, त्याच्या हातून माणसं मारली गेली होती, दरबारात गट होते. कारणं पुष्कळ सांगितली जातात. जॉंगजो तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. आजोबांपाशी जाऊन वडिलांच्या जिवाची भीक मागणारं ते पोर. त्यानंतर मुलाला ठेवलेलं 'सादो' हे नावही यॉंगजोनेच दिलेलं. त्या दोन अक्षरांत आठवण आहे आणि शोक आहे. स्वतः मारलेल्या मुलाला बापाने ठेवलेलं नाव.

१७७६ला जॉंगजो गादीवर आला आणि पहिल्याच दिवशी दरबाराला म्हणाला, मी युवराज सादोचा मुलगा आहे. वडिलांना मारण्यात ज्यांचं अंग होतं ते दरबारात समोर उभे असताना म्हणाला. १७८९मध्ये त्याने वडिलांची समाधी सुवॉनजवळच्या ह्वासान डोंगराच्या पायथ्याशी हलवली. तिथे आधीपासून वस्ती होती. ती पाल्दाल डोंगराच्या कुशीत नव्या जागी वसवली, लोकांना घरांचे पैसे दिले. ते नवं गाव म्हणजे आजचं सुवॉन, आणि त्या गावाभोवतीचा तट म्हणजे ह्वासॉंग.

राजवाडा आधी बघितला. हेंगगुंग. राजा मुक्कामाला आला की राहायचा तो वाडा, एकेकाळी ५७६ खणांचा. दारात लाल खांबांचा मोठा दरवाजा, त्याच्यासमोर पटांगणात जुन्या पद्धतीच्या तलवारबाजीचं प्रात्यक्षिक चाललं होतं. आतल्या एका चौकात तांदळाची पेटी ठेवलेली आहे. खरी नव्हे, तशीच करून ठेवलेली. माझ्या कमरेच्या वरपर्यंत येईल एवढी. फिलिपिन्सच्या बहिणींपैकी धाकटी फोटो काढायला पुढे झाली होती, तिने फोन खाली घेतला. माणूस आत मांडी घालूनसुद्धा नीट बसणार नाही. आमच्या घरी धान्याची अशीच सागवानी पेटी होती. तिचं झाकण उघडलं की ज्वारीचा वास यायचा. मला तो वास तिथे आठवायला नको होता.

त्याच वाड्यात, पलीकडच्या दालनात, १७९५मध्ये जॉंगजोने आईची साठी केली. आपल्याकडे साठीशांत करतात तशीच कोरियात साठ वर्षं पुरी झाली की मोठा समारंभ असतो. साठ वर्षांचं चक्र एकदा पूर्ण होतं. आई आणि वडील एकाच वर्षी, १७३५ला जन्मलेले. म्हणजे सादो जगला असता तर दोघांची एकदम झाली असती. राजा सोलहून आईला घेऊन आठ दिवसांच्या प्रवासाला निघाला, हजारो माणसांचा लवाजमा, हान नदीवर होड्या जोडून केलेला पूल. इथे पोचल्यावर आईपुढे मेजवानी झाली, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वेगळी पंगत झाली, गरिबांना तांदूळ वाटले. दालनात आता पुतळे मांडून तो प्रसंग दाखवला आहे. मी त्या आईच्या पुतळ्याकडे बघत राहिले. नवऱ्याला पेटीत घालणाऱ्या सासऱ्याच्या घरात तिने पुढची वर्षं मुलासाठी काढली. साठीनंतर तिने स्वतःच्या हाताने सगळं लिहून ठेवलं. ते लिखाण आजही कोरियात वाचलं जातं.

वाडा मात्र नवा आहे. लाकूड ताजं आहे, रंग चकचकीत. जपानी राजवटीत हा वाडा पाडला गेला, जागेवर दवाखाना आणि शाळा झाली. १९८९ला सुवॉनच्या लोकांनी तो परत उभा करायचं मनावर घेतलं. पहिला भाग २००३ला उघडला, शेवटचा २०२४ला. पस्तीस वर्षं. "माझ्या पहिल्या वर्गातली मुलं आता पन्नाशीला आली," बाई म्हणाल्या. इटालियन मुलाने विचारलं, "मग हे खरं कसं म्हणायचं?" बाई म्हणाल्या, "दुपारी."

तटावर आम्ही चढलो ते पश्चिमेकडून. तिथे तटाबाहेरच्या उतारावर काशासारखं उंच गवत होतं, तुरे पांढरे पडलेले, वाऱ्याबरोबर एका बाजूला कलत होते. हा तट पावणेसहा किलोमीटर लांब आहे. डोंगरावर चढतो, उतरतो, ओढ्यावरून जातो. १७९४च्या जानेवारीत काम सुरू झालं, १७९६च्या सप्टेंबरात संपलं. दहा वर्षं लागतील असा अंदाज होता, तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर फिरलेल्या माणसाला इथे बाईंच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा निघतो, फक्त नाव वेगळं. दरवाजासमोर अर्धवर्तुळाकार भिंत घातलेली आहे, शत्रूला दरवाजा थेट दिसू नये म्हणून. आपल्याकडे हेच काम गोमुखी बांधणी करते, महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपवून. कोरियन लोक तिला ओंगसॉंग म्हणतात, मडक्याचा कोट. मडकं मधोमध फोडावं तसा आकार आहे खरा. तटातून कळू न देता आत-बाहेर करायला पाच छुप्या वाटा केलेल्या होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे याला चोरदरवाजा म्हणतात. अर्थ सांगितल्यावर बाई हसल्या, त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. तटाच्या माथ्यावर चर्या, म्हणजे आडोशाचे दगडी कठडे, आणि चर्यांमध्ये जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं. प्रत्येक चर्येत तीन जंग्या. कडेच्या दोन सरळ, लांबच्या शत्रूसाठी. मधली आतून बाहेर उतरती, तटाच्या पायथ्याशी आलेल्या माणसासाठी. मी मधल्या जंगीला डोळा लावला. खाली गवतात एक बाप आपल्या पोराचा पतंग सोडवत होता.

बुरूज मात्र मी असे कधी बघितले नव्हते. खाली दगड, वर विटा, आत पोकळ आणि मजल्यामजल्यांचे. उत्तर-पूर्वेच्या बुरुजात जिना गोगलगायीच्या पाठीसारखा वळत वर जातो. आणि उत्तरेच्या ओढ्यावर सात कमानींचा जलदरवाजा, त्याच्या डोक्यावर लाकडी मंडप. शेजारच्या टेकाडावर आणखी एक मंडप, त्याचं नाव बांगह्वासुर्युजॉंग. फुलं बघत, विलो वृक्षांत फिरत बसायची जागा असा त्याचा काहीसा अर्थ. पण ते टेहळणीचं ठिकाण आहे. तिथून शत्रू दिसावा म्हणून बांधलेलं, आणि बांधताना इतकं देखणं केलेलं की खाली तळ्याकाठी शाळेतली मुलं डबे उघडून बसली होती. राजा म्हणे म्हणत असे, देखणेपणाचाही शत्रूला धाक वाटतो. मला ते पटतं. नीट घडवलेला दगड बघितला की कळतं, हे करणाऱ्यापाशी वेळ होता, माणसं होती, आणि घाई नव्हती.

हा किल्ला आखणारा माणूस होता जॉंग याक-योंग. जन्म १७६२चा, सादो पेटीत मेला त्याच वर्षीचा. किल्ला आखायला सांगितला तेव्हा तिशीतला. राजाने त्याला चीनमधून आलेला यंत्रांवरचा एक ग्रंथ दिला, युरोपातल्या कप्प्यांची आणि वजन उचलायच्या यारींची चित्रं असलेला. त्यावरून त्याने गॉजुंगगी नावाचं यंत्र तयार केलं. लाकडी चौकट, वर चार कप्प्या, खाली चार कप्प्या, दोन्ही बाजूंना दोर ओढायचे रहाट. थोड्या माणसांनी मोठा चिरा उचलायचा. काम संपल्यावर राजा म्हणाला होता की या यंत्रामुळे चाळीस हजार न्यांग वाचले. एकूण खर्च आठ लाख सत्तर हजार न्यांगांच्या आसपास. न्यांग म्हणजे तेव्हाच्या चलनाचं माप.

बाईंनी मला तटाच्या बाहेरच्या अंगाला नेलं ते इथेच. खालच्या थरात मोठे चिरे, वर जाता जाता लहान होत गेलेले. दगड ग्रॅनाइट, फिकट राखाडी, मिठासारखे कण असलेला. आमचा काळा पाषाण बोटाला गार आणि गुळगुळीत लागतो, हा खरखरीत. पण घाव तेच. एका चिऱ्याच्या कडेला चौकोनी खोबणींची अर्धी ओळ राहिली होती. खडक फोडायला ओळीने भोकं पाडायची, त्यात सुकी लाकडी पाचर ठोकायची, वरून पाणी सोडायचं. लाकूड फुगतं आणि खडक ओळीबरहुकूम दुभंगतो. बाई सांगत होत्या की जवळच्या डोंगरांत अजून असे खडक आहेत, भोकं पाडलेले पण न फोडलेले. मला ऐकायची गरज नव्हती. आजाच्या तोंडून ऐकलं होतं, त्याच्या हाताने झालेलं बघितलं होतं. तो पाचर मारल्यावर खडकाला कान लावून बसायचा. "बोलतोय," म्हणायचा.

जेवण एका छोट्या खानावळीत झालं. सुवॉन गाईच्या बरगड्यांच्या मटणासाठी प्रसिद्ध आहे. त्याचं मूळही किल्ल्यातच आहे म्हणतात. राजाने नव्या गावासाठी तलाव खोदवले, शेतं तयार केली, शेतकऱ्यांना बैल दिले, आणि मग इथे गुरांचा मोठा बाजार भरू लागला. मला बाईंनी भाज्या घातलेला भात मिळवून दिला. सोबत दहा-बारा वाट्यांत लोणची. मुळ्याच्या लोणच्याच्या वाटीपाशी मी दोनदा गेले.

आणि मग संग्रहालय. अंगणात गॉजुंगगीची पूर्ण मापाची प्रतिकृती आहे, मुलं तिचा दोर ओढून बघत होती. आत एका काचेखाली ते पुस्तक.

त्याला उइग्वे म्हणतात. जोसॉन दरबाराची पद्धत होती, कोणताही मोठा समारंभ किंवा बांधकाम झालं की त्याची साद्यंत नोंद ग्रंथरूपाने करायची. ह्वासॉंगची उइग्वे १८०१ला धातूच्या खिळ्यांनी छापली गेली, राजा वारल्यानंतर एका वर्षाने. ज्याने किल्ला आखला त्या जॉंग याक-योंगला त्याच वर्षी ख्रिस्ती धर्माशी संबंध असल्याच्या आरोपावरून हद्दपार केलं गेलं. पुढची अठरा वर्षं त्याने हद्दपारीत काढली. पुस्तक मात्र राहिलं. त्यात प्रत्येक दरवाजाचं, बुरुजाचं, मंडपाचं चित्र आहे. बाहेरून आणि आतून. कोणत्या इमारतीला किती चिरे, किती विटा, किती लाकूड, किती खिळे, कुठून आणले, काय दराने आणले. यंत्रांचे सुटे भाग वेगवेगळे काढून दाखवलेत. आणि माणसं.

बाईंनी इटालियन मुलाला जवळ बोलावलं, "आता तुझा प्रश्न." कोरियन युद्धात या किल्ल्याचा उत्तर दरवाजा, पूर्व दरवाजा, तटाचे कितीतरी भाग उद्ध्वस्त झाले. १९७५ ते १९७९ या काळात हे पुस्तक समोर ठेवून ते परत बांधले. खांब किती जाड, कौलं किती, सगळं यात होतं. २००६ला डोंगरमाथ्यावरचा मंडप एका माणसाने जाळला. तो पुन्हा उभा राहिला. १९९७ला युनेस्कोने किल्ला जागतिक वारसा म्हणून मान्य केला. त्या मुलाने काचेवर वाकून खूप वेळ बघितलं. पुढे काही विचारलं नाही.

मग बाई मला बाजूच्या पानापाशी घेऊन गेल्या. उभ्या ओळींत चिनी अक्षरं, एकाखाली एक. ही कारागिरांची यादी. दगडकाम करणारे, सुतार, गिलावा करणारे, लोहार, वीट भाजणारे, करवत ओढणारे. बावीस कसबांचे अठराशेहून जास्त कारागीर. दगडवालेच सहाशेच्या वर. प्रत्येकाचं नाव, कुठल्या गावचा, कुठल्या कामावर होता, किती दिवस होता. दिवस मोजताना अर्धा दिवससुद्धा धरलेला. तोवरच्या रिवाजाप्रमाणे राजाच्या कामावर लोकांना वेठीने आणायचे. जॉंगजोने ठरवलं की इथे वेठ नाही, मजुरी द्यायची. आणि मजुरी द्यायची तर हजेरी पाहिजे, हजेरी पाहिजे तर नाव पाहिजे.

"हे वाचा," असं म्हणून बाईंनी काचेवर बोट ठेवलं, मग लक्षात आलं की मला वाचता येत नाही. मग त्याच वाचू लागल्या. एक आडनाव, पुढे 'खुननोमी'. "म्हणजे मोठा गडी." आणखी एक, पुढे 'जागुननोमी'. "म्हणजे लहान गडी, धाकटा." यांना कागदावरची नावं नव्हती. गावात ज्या नावाने हाक मारत त्याच नावाने ते कामावर आले, आणि कारकुनाने ते उच्चार जुळतील अशा चिनी अक्षरांत बसवले. राजाच्या ग्रंथात, धातूच्या खिळ्यांनी, मोठा गडी आणि धाकटा गडी.

मी बाईंना म्हटलं, जरा बसू या.

आजा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघं साताऱ्याकडच्या एका धरणावर कामाला होते. किती वर्षं, ते घरात कुणाला नीट माहीत नाही. बाबा म्हणायचे पाच, चुलते म्हणतात सात. दगड फोडणं, घडवणं, बांधकामावर पोचवणं. मुकादमाला त्यांची नावं लक्षात राहायची नाहीत, की ठेवायचीच नव्हती. तो आजाला थोरला म्हणायचा आणि भावाला धाकटा. हजेरीपटावर तेच लिहायचा. थोरला, धाकटा. पगाराच्या दिवशी तेच पुकारायचा. एकदा दुपारी सुरुंगाचा धोंडा लागून धाकट्याचा पाय गेला. त्या दिवसाची त्याची मजुरी धरली गेली नाही, कारण दिवस पुरा झाला नव्हता. आजाने ही गोष्ट मला कधी सांगितली नाही. आजीने सांगितली, आणि सांगताना तिला राग पायाचा नव्हता, त्या अर्ध्या दिवसाचा होता. पाय गेला ते दैव, ती म्हणायची. मजुरी खाल्ली ते माणसानं.

मी शाळेत असताना आम्ही ते धरण बघायला गेलो होतो. वर चढून गेल्यावर कोनशिला आहे. तिच्यावर उद्घाटन करणाऱ्यांची नावं आहेत. आजा तिच्यासमोर उभा राहिला, त्याला वाचता यायचं नाही. त्याने कोनशिलेच्या दगडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पॉलिश चांगलंय." मग तो कठड्यावरून खाली वाकून पाण्याकडे बघायला लागला. त्याने घडवलेले दगड आत कुठेतरी, पाण्याच्या बाजूला होते.

बाई माझ्या शेजारी बाकावर बसून ऐकत होत्या. मी अर्धं इंग्रजीत, अर्धं हाताने सांगितलं. सांगून झाल्यावर मला वाटलं आपण आपल्या लोकांवर अन्याय केला, म्हणून पुढचंही सांगितलं. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाला पायरी आहे. ज्याने रायगड बांधला त्या हिरोजी इंदुलकरांचं नाव तिच्यावर कोरलेलं आहे. 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी'. देवाच्या दर्शनाला येता-जाता महाराजांच्या पायाची धूळ आपल्या नावाला लागावी, म्हणून त्याने पायरीच मागून घेतली असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. बाईंनी हे लक्ष देऊन ऐकलं. म्हणाल्या, "इथेही दक्षिण दरवाजाच्या दगडावर देखरेख करणाऱ्यांची आणि मुख्य पाथरवटाची नावं कोरलेली आहेत. काम बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून." मग थोडं थांबून, "तुमच्या हिरोजींबरोबर किती माणसं होती?"

मला सांगता आलं नाही. रायगडावर आज जोती उरली आहेत. १८१८च्या तोफांनी आणि आगीने वरचं सगळं गेलं. त्या जोत्यांवर लाकडी खांब किती होते, कौलं कशी होती, पाथरवट कुठल्या गावचे होते, याचा बांधकामाच्या वेळचा ग्रंथ आपल्यापाशी नाही. हिशेब लिहायची सवय आपल्याला नव्हती असं मात्र म्हणवत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत, त्यात खर्चाच्या यादींवर यादी आहेत. २०२५च्या जुलैत आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, रायगडही गेला. त्या दिवशी मी पेढे वाटले होते. आता वाटतं, त्या रुमालांतून कुणीतरी पाथरवटांची नावंही शोधावीत. काही सापडतील. मोडी वाचणारी तरुण मुलं आता पुष्कळ आहेत.

१७९४च्या उन्हाळ्यात इथे उकाडा फार झाला होता. जॉंगजोने कामगारांसाठी उन्हाच्या त्रासावरच्या चार हजार गोळ्या करून पाठवल्या. तेही पुस्तकात आहे. आणि तटाची पहिली आखणी लोकांच्या घरांवरून जात होती, खुणेची निशाणं घरांच्या मधून रोवलेली होती. ते बघून राजाने हुकूम दिला की तट तीनदा वाकवावा लागला तरी वाकवा, घरं आत घ्या. सकाळी आम्ही ज्या वळणावर दम खायला थांबलो होतो ते वळण तेच असावं असं मला उगाच वाटत राहिलं.

लोकग्रामात आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वेगवेगळ्या प्रांतांतून जुनी घरं आणून वसवलेलं ते खेडं. गवती छपरं, अंगणात सोयाबीनच्या खारासाठी मोठमोठ्या मातीच्या बरण्या, जमिनीखालून धूर खेळवून गरम केलेल्या खोल्या. फार नाही बघितलं. दोरावर चालणारा एक माणूस मात्र बघितला. हातात पंखा, दोरावर बसायचा, उसळून उभा राहायचा, आणि सारखा बोलायचा. खाली एक जोडीदार त्याला उत्तरं द्यायचा, लोक हसायचे. आमच्या गावात डोंबारी यायचे, त्यांच्या दोरावर पोरगी असायची आणि ती बोलायची नाही. टाळ्या वाजवताना मला तिचा चेहरा आठवला.

बसमध्ये परतताना बाई पुढच्या सीटवरून उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या. वहीचं पान फाडून दिलं. त्यावर त्यांनी कोरियन अक्षरांत दोन शब्द लिहिले होते, खाली इंग्रजीत उच्चार. खुननोमी. जागुननोमी. "थोरला, धाकटा," त्या म्हणाल्या. दुपारी मी एकदाच म्हटलेले शब्द, त्यांनी लक्षात ठेवले होते. उच्चार जवळजवळ बरोबर होता.

घरी आल्यावर रात्री चुलत्यांना फोन लावला. गावाकडे संध्याकाळ होती. विचारलं, "आप्पा, आजाच्या टाक्या हायत का अजून?" ते म्हणाले, माळ्यावर असतील, बघतो. दोन दिवसांनी फोटो आले. पोत्यावर ओळीने मांडलेली हत्यारं. टाक्यांची डोकी घाव खाऊन खाऊन अळंबीसारखी पसरलेली. मी आप्पांना प्रत्येक वस्तूचं माप घ्यायला सांगितलं. त्यांनी टेप लावून सगळी मापं कळवली, आणि कशाला हवं हे विचारलं नाही.

लेकीच्या टेबलावर बसून नवीन वहीत मी ती लिहून काढली.

टाक्या, चार. सगळ्यात लांब सव्वानऊ इंच, सगळ्यात आखूड साडेचार, झिजून. सुतकी एक, दांडा नंतर घातलेला. लोखंडी गुण्या एक, एक भुजा वाकलेली. ओळंबा एक, दोरी नाही.

पाथरवट थोरला. गाव आमचं. काम धरणाचं, पाण्याच्या बाजूचे दगड. दिवस, माहीत नाहीत.

पाथरवट धाकटा. गाव तेच. काम तेच. दिवस, माहीत नाहीत. आणि वर अर्धा.